पुण्यात अल्बिनो पायथन: कागद, अंडी आणि भाव

"तो पांढरा अजगर केवढ्याला हो?" माझ्याकडे अल्बिनो बॉल पायथन आहेत हे कळल्यावर दहातले आठ जण हेच विचारतात. शेजारच्या काकूंनी तर आईला गाठून विचारलं, वर "नागमणी वगैरे निघतो का" हेही. आपल्याकडे साप आणि पैसा हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांपुढे मांडूळ येतं. मांडुळाच्या नावावर लाखोंच्या गप्पा मारणारी आणि शेवटी पोलिसांच्या गाडीत बसणारी माणसं आपण पेपरात वाचतोच. अल्बिनो पायथनचा धंदा तसा नाही. यात चमत्कार नाही, हिशेब आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कोरडा आहे. नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कोणता साप, हे आधी नक्की करा

मराठीत आपण सगळ्यांनाच अजगर म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. पुणे जिल्ह्याच्या डोंगरात, उसात, धरणाच्या कडेला सापडतो तो भारतीय अजगर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. तो पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. तो अल्बिनो निघाला तरी कायदा तोच. इंटरनेटवर ज्याचे पिवळेधमक फोटो दिसतात तो बर्मीज पायथन मूळचा आपल्या ईशान्य भारतातलाही आहे, त्यामुळे तोही पहिल्या अनुसूचीत. "हा परदेशात जन्मलाय" असं सांगून कुणी विकायला आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

उरतो तो बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा, तीन ते पाच फुटांचा लाजाळू साप. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोल होतो, म्हणून हे नाव. यापुढे मी पायथन म्हणेन तेव्हा हाच.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: हा साप वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथनने २०२० मध्ये, वयाच्या सुमारे बासष्टाव्या वर्षी सात अंडी घातली. तुम्ही कॉलेजात असताना घेतलेला साप तुमच्या मुलांच्या लग्नात घरी असू शकतो. होणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं.

दुसरी पायरी: कागद

बॉल पायथन 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. आपल्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने साइट्समधल्या प्रजातींसाठी वेगळी चौथी अनुसूची आणली. त्या अनुसूचीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने तो नोंदवायचा, दुसऱ्याला दिला तर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. याचे सविस्तर नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवरून होते. परिशिष्ट एकमधल्या प्राण्यांची पैदास करणाऱ्यांना याशिवाय वेगळा परवाना लागतो. बॉल पायथन दोनमध्ये असल्यामुळे ती भानगड टळते, पण नोंदी टळत नाहीत.

विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: हा साप भारतात कायदेशीर कसा आहे, ते कागदावर दाखवा. जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली होती. तेव्हाची नोंद असेल, रीतसर आयातीची कागदपत्रं असतील, किंवा नोंदवलेल्या आईबापांच्या पिल्लाची जन्मनोंद असेल. यातलं काहीच नसेल तर तो साप बहुधा कुणाच्या तरी बॅगेत, मोज्यात गुंडाळून विमानाने आलेला आहे. अशा बॅगा मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर पुन्हा पुन्हा पकडल्या जातात. "कागद नंतर करून देतो" हे वाक्य ऐकलं की पायात चपला घाला.

पैदास करायचा विचार पक्का झाला की जोडी लावण्याआधीच वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोचवर शिक्का घ्या. नियम बदलतात, तोंडी उत्तरं त्याहून पटकन बदलतात. पोच मात्र फाइलमध्ये राहते.

तिसरी पायरी: एक वर्ष नुसता पाळा

हे कुणाला आवडत नाही. तरी पहिलं वर्ष एकच साप, एकच टब, पैदास नाही.

सामानासाठी परदेशी ब्रँडच्या मागे धावायची गरज नाही. झाकण लागणारे मोठे प्लास्टिकचे टब रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात, थर्मोस्टॅट आणि वायरिंगचं सामान तपकीर गल्लीत. कोकोपीट कुठल्याही नर्सरीत. टबाच्या एका टोकाखाली हीट मॅट, तिला थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट कधीही नाही. पोटाला भाजलेला साप बरा व्हायला महिने लागतात. गरम टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास, कात टाकायच्या वेळी थोडी जास्त. दोन्ही टोकांना लपायला एकेक अंधारी जागा. अल्बिनोच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, त्याला झगझगीत उजेड सोसत नाही, तेव्हा लपायची जागा ही त्याच्यासाठी चैन नाही. बाकी देखभालीत अल्बिनो आणि साध्यात काही फरक नाही.

खायला उंदीर. मारून गोठवलेला, मग थंड्यात विरघळवून आणि कोमट करून चिमट्याने दिलेला. जिवंत उंदीर सापाला चावतो, कधी डोळा फोडतो. घरच्या फ्रिजमध्ये उंदीर ठेवायचा प्रयोग मी एकदाच केला, आई दोन दिवस बोलली नाही. वेगळा छोटा फ्रीझर घ्या, तो खर्चात धरा.

बॉल पायथन खाणं सोडतो, ही त्याची ख्याती. नर हिवाळ्यात दोन-तीन महिने तोंड फिरवून बसतो. वजन टिकून असेल तर घाबरायचं नाही. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही हवी: तारीख, वजन, खाल्लं की नाही, कात टाकली कधी. पुढे किंमत लावताना हीच वही तुमच्या बाजूने बोलते.

पुण्याच्या हवेत काळजी तीन वेळा घ्यायची. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली-वर जातो, तेव्हा टब गारठला तर छातीचा संसर्ग होतो. साप तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, नाकाशी बुडबुडे दिसले, की घरगुती उपाय नकोत, परदेशी प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा, आणि तो कोण हे साप घरी आणण्याआधी शोधून ठेवा. पावसाळ्यात टब ओला राहून पोटाचे खवले कुजतात. आणि मे महिना; त्याबद्दल पुढे बोलू, कारण मला तो चांगलाच महागात पडलाय.

नवा साप आला की तो दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत. आधी जुन्यांचं करायचं, मग नव्याचं, आणि हात धुवायचे. खवल्यांच्या फटीत मिरपुडीच्या कणाएवढे काळे ठिपके हलताना दिसले तर त्या गोचिडांच्या जातीच्या माइट्स. एकदा सगळ्या रॅकमध्ये शिरल्या की महिनाभर रोज सगळं घासत बसावं लागतं.

चौथी पायरी: अल्बिनो म्हणजे काय, आणि गणित

अल्बिनोत काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, तयारच होत नाही. पिवळं वेगळ्या पेशींमधून येतं, ते राहतं. म्हणून अल्बिनो बॉल पायथन नुसता पांढरा नसून पांढरा-पिवळा, लाल डोळ्यांचा असतो. पूर्ण पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा साप अल्बिनो नसतो, ते वेगळंच प्रकरण आहे आणि त्याची जनुकंही वेगळी. "प्युअर व्हाइट अल्बिनो" म्हणून विकणाऱ्याला एकतर कळत नाही किंवा कळूनही तो गप्प आहे.

अल्बिनिझम अप्रभावी आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती आल्या तरच रंग दिसतो. एकच प्रत असलेला साप दिसायला अगदी साधा, तपकिरी. त्याला या छंदातले लोक 'हेट' म्हणतात. मग चार जोड्या पाहा:

अल्बिनो आणि साधा: सगळी पिल्लं साधी दिसणारी, पण सगळी शंभर टक्के हेट.
अल्बिनो आणि हेट: सरासरी निम्मी अल्बिनो, निम्मी हेट.
अल्बिनो आणि अल्बिनो: सगळी अल्बिनो.
हेट आणि हेट: चारात एक अल्बिनो, दोन हेट, एक निखळ साधा.

शेवटच्या जोडीत नवखे फसतात. "चारात एक" म्हणजे चार अंड्यांत एक मिळणारच असं नाही. सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळपास अठरा टक्के आहे. म्हणजे साडेपाच क्लचमागे (क्लच म्हणजे एका वेळी घातलेली सगळी अंडी) एक क्लच कोरडा.

याच जोडीची साधी दिसणारी पिल्लं 'सहासष्ट टक्के हेट' म्हणून विकली जातात. तिनांपैकी सरासरी दोन हेट, पण कोणती दोन ते डोळ्यांना कळत नाही. समजा तुम्ही असं एक पिल्लू घेतलं, वाढवलं आणि अल्बिनोशी जोडी लावली. सहा पिल्लं झाली, एकही अल्बिनो नाही. आता तो साप हेट असण्याची शक्यता सहासष्टवरून तीन टक्क्यांवर येते. तीन वर्षं आणि ढीगभर उंदीर खर्चून हातात हे उत्तर येतं, ही जोखीम किमतीत धरायची असते.

आणखी एक सापळा. 'लॅव्हेंडर अल्बिनो' हे वेगळ्या जनुकाचं काम आहे. साध्या अल्बिनोची आणि लॅव्हेंडरची जोडी लावली तर दोन अल्बिनोंच्या पोटी सगळी तपकिरी पिल्लं! उलट 'कँडी' नावाचा प्रकार अल्बिनोच्याच जनुकाचा भाऊ आहे, तिथे रंग दिसतो. जोडी लावण्याआधी दोन्हीकडची वंशावळ लेखी हवी ती यासाठी. आणि 'स्पायडर' नावाच्या प्रकाराच्या वाटेला जाऊच नका. नक्षी सुंदर, पण त्या जनुकाबरोबर मान हलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो.

पाचवी पायरी: जोडी ते अंडी

मादी किमान दीड किलोची आणि तीन वर्षांची हवी. नर सहा-सातशे ग्रॅमचा चालतो. मादीला वयाआधी जोडीला घालणारे लोक आहेत, पण अंडी घातल्यावर मादी कशी दिसते ते पाहिलं की पुन्हा तसं करवत नाही: कंबर आत, कातडी सुरकुतलेली. म्हणूनच मी एकाच मादीकडून सलग दोन वर्षं अंडी घेत नाही.

पुण्याचा हिवाळा इथे फुकटात मदत करतो. नोव्हेंबरपासून रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरू द्यायचं, गरम टोक मात्र तसंच ठेवायचं. नराला मादीच्या टबात दोन-तीन दिवस सोडायचं, मग आठवडाभर सुट्टी. असं पुढचे काही महिने. एके दिवशी मादीचा मधला भाग असा फुगतो की आत्ताच मोठा उंदीर गिळलाय असं वाटावं. हे जेमतेम एक दिवस टिकतं. दिसलं की नर बाजूला. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी ती कात टाकते आणि कातेनंतर साधारण महिन्याने अंडी. चार ते आठ, बहुधा सहा.

अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, ओढून सोडवू नका. उचलण्याआधी पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहू द्या. कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवलं तर आतला जीव गुदमरतो. अंधारात मोबाइलचा उजेड लावला की फलित अंड्यात लाल शिरा दिसतात. पिवळी, लहान, मऊ अंडी वाया गेलेली. व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं दाणेदार खनिज) आणि पाणी वजनाने समसमान, डबा बंद, ३१ ते ३२ अंश, आणि पंचावन्न ते साठ दिवस धीर.

आता मे. नोव्हेंबरात जोडी लावली की अंडी एप्रिल-मेमध्ये येतात आणि पुस्तकं उबवणी यंत्र गरम कसं ठेवायचं तेवढंच सांगतात, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. माझं घर वरच्या मजल्यावर, गच्चीखाली. पहिल्या क्लचच्या वेळी थर्मोस्टॅट निमूटपणे बंद होता, हीटर बंद होता, आणि आतला पारा पस्तीसच्या वर. यंत्र गरम करू शकतं, गार करू शकत नाही, एवढी साधी गोष्ट मला चार अंडी गेल्यावर कळली. उरलेल्या दोनांतून पिल्लं आली, एकाचा कणा वाकडा. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. जोडी उशिरा, जानेवारीच्या शेवटी लावतो, म्हणजे अंडी जूनच्या पावसाबरोबर येतात. आणि यंत्र बहिणीच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत ठेवतो. यंत्र म्हणजे काय, बिघडलेल्या जुन्या फ्रिजचा सांगाडा, आत पाण्याने भरलेल्या डझनभर बाटल्या. वीज गेली तरी त्या पाण्यामुळे पारा तासन्‌तास जागचा हलत नाही.

शेवटच्या आठवड्यात अंडी पिचकतात, ते चांगलं लक्षण. पिल्लू नाकाने चीर पाडतं आणि कधीकधी दिवसभर तसंच डोकं बाहेर काढून बसतं. त्याला ओढायचं नाही. पहिल्यांदा लाल डोळे दिसतात तो क्षण खरोखर मोठा असतो. मी रात्री अडीच वाजता बहिणीला उठवलं होतं.

सहावी पायरी: पिल्लं

प्रत्येकाला वेगळा छोटा टब, ओला पेपर नॅपकिन, पाण्याची वाटी. आठ-दहा दिवसांत पहिली कात, त्यानंतर पहिला घास. काही पिल्लं चारचार आठवडे खात नाहीत, वैताग येतो, जबरदस्तीची घाई करू नये. नर-मादी ओळखणं जाणत्याकडून शिका, चुकीच्या हाताने शेपटी दुखावते. जन्मनोंद नियमात दिलेल्या मुदतीत करून टाका, "सगळी एकदम करू" म्हणत बसू नका.

सातवी पायरी: भाव

दुर्मीळ हा शब्द जपून वापरा. अल्बिनो बॉल पायथनची कैदेतली पैदास १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झाली, तेव्हा एकेका पिल्लाला काही हजार डॉलर मिळत. आज तिथे ते दीड-दोनशे डॉलरच्या घरात आलंय. कारण सरळ आहे: मादी वीस वर्षं अंडी घालू शकते आणि तिची प्रत्येक लेकही. रंगाची टंचाई असते ती सुरुवातीची काही वर्षंच. मग लोक दोन अप्रभावी रंग एकत्र करायला जातात; तिथे दुहेरी हेटच्या, म्हणजे दोन्ही रंगांची एकेक प्रत असलेल्या सापांच्या, जोडीत सोळात एक पिल्लू मिळतं आणि सहा अंड्यांत निदान एक निघण्याची शक्यता तिनात एक. भारतात भाव चढे दिसतात ते साप दुर्मीळ म्हणून नव्हे, तर कागदाचा साप कमी म्हणून. तेव्हा आजचा भाव धरून पाच वर्षांचं स्वप्न रंगवू नका.

आधी स्वतःचा खर्च काढा. गणित कळावं म्हणून आकडे गृहीत धरतो: एका जोडीचा उंदीर, वीज, डॉक्टर, कोकोपीट मिळून वर्षाला २४,००० रुपये. मादी वर्षाआड अंडी घालते, म्हणजे एका क्लचमागे ४८,०००. सहा अंड्यांतली पाच पिल्लं जगली तर एका पिल्लाचा खर्च ९,६००, विकेपर्यंतचं खाणं वेगळं. जोडी हेट-हेट असेल तर या पाचांत सरासरी एक-सव्वाच अल्बिनो, म्हणजे साध्यांचा तोटा त्या एकट्याने भरायचा. जोडी अल्बिनो-हेट असेल तर अडीच. महाग अल्बिनो घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं ते यामुळे.

मग वजाबाकी-बेरीज. रंग न दिसणाऱ्या सहासष्ट टक्के हेटला साध्याचा भाव अधिक हेटच्या जादा किमतीचा दोन तृतीयांश, त्याहून जास्त मागणं अप्रामाणिक. मादीला नरापेक्षा जास्त, कारण अंडी ती घालते. आईबापांचे फोटो आणि वही असेल तर जास्त. सलग सहा-सात वेळा स्वतःहून गोठवलेला उंदीर खाल्लेलं पिल्लू न खाणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त, आणि मी तर न खाणारं पिल्लू विकतच नाही. कणा वाकडा असलेलं ते पिल्लू माझ्याकडेच आहे, आता साडेआठशे ग्रॅमचं. त्याला किंमत नाही आणि त्याची जोडीही लावायची नाही.

घासाघीस होते, पुण्यात तर होतेच. "दोन घेतो, काहीतरी कमी करा" म्हणणाऱ्याला मी टब पाहायला घरी येतो म्हणतो. थर्मोस्टॅट नसेल तर पैसे पूर्ण मिळाले तरी साप देत नाही. कुरिअरने पाठवा म्हणणाऱ्यालाही नाही. हस्तांतराची नोंद, वहीतल्या पानांची झेरॉक्स आणि शेवटची कात एका पाकिटात घालून देतो. आणि एक तोंडी अट: नको झाला तर माझ्याकडे परत आणायचा, पैसे मिळणार नाहीत पण प्रश्नही विचारणार नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी सोडायचा नाही. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सुटलेल्या बर्मीज पायथननी ससे-रॅकून जवळपास संपवलेत.

आणि कधी सोसायटीच्या आवारात खराखुरा अजगर निघालाच, पांढरा असो की तपकिरी, तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा. मला फोन करून भाव विचारू नका.